घुमट, मिनार आणि मेहराब



काही वर्षांपूर्वी नववीच्या मुलामुलींची सहल घेऊन मी विजापूरला गेलो होतो. गोलघुमट पाहणारा प्रत्येकजण जे करतो तेच आमच्या मुलांनी केले. कोपऱ्यातल्या सात मजली मनोऱ्याचा अरुंद जिना धापा टाकीत चढून ती घुमटाच्या आतल्या सज्ज्यात गेली, टाळ्या वाजवल्या, एकमेकांना हाका मारल्या आणि आपलाच आवाज परत परत ऐकून खूश झाली. खाली उतरल्यावर एका मुलाने विचारले, "सर, मध्ये एकही खांब नाही. मग एवढा मोठा घुमट पडत कसा नाही?"

मी इतिहासाचा शिक्षक. महंमद आदिलशहाची कारकीर्द १६२७ ते १६५६, हे मला तोंडपाठ होते. या प्रश्नाचे उत्तर मात्र माझ्यापाशी नव्हते. "हीच तर आपल्या पूर्वजांची करामत," असे काहीतरी बोलून मी वेळ मारून नेली. मुलगा गप्प बसला. पण त्याचे समाधान झालेले नाही, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होते. त्या प्रश्नापायी पुढे मला बरेच वाचावे लागले. त्यातून जे हाती आले ते आपल्यापुढे ठेवीत आहे.

कोणत्याही मुलाला मशिदीचे चित्र काढायला सांगा. तो एक घुमट काढील, दोन बाजूंस दोन मिनार काढील आणि घुमटावर चाँद काढील. एवढे झाले की मशीद झाली, अशी आपली सर्वांचीच समजूत आहे. आता मनाने मदीनेत चला. इ.स. ६२२ मध्ये प्रेषित हजरत महंमद (स.) तेथे आले आणि त्यांनी सहकाऱ्यांसह स्वतः हात लावून मशीद उभारली. कच्च्या विटांच्या भिंती, खजुराच्या खोडांचे खांब, वर खजुराच्या झावळ्या आणि माती. त्या मशिदीला घुमट नव्हता. मिनार नव्हता, हजरत बिलाल जवळच्या एका उंच घराच्या छपरावरून अजान देत. भिंतीत कोरलेली मेहराबही नव्हती. सुरुवातीचे सोळा-सतरा महिने नमाजची दिशा बैतुल मुकद्दसकडे होती, नंतर ती काबागृहाकडे वळली. म्हणजे आवश्यक होती ती दिशा, स्वच्छ जागा आणि ओळीने उभे राहण्यापुरते मोकळे अंगण. प्रवचनासाठी आधी खजुराच्या एका खोडाचा टेका होता, पुढे तीन पायऱ्यांचा साधा लाकडी मिंबर आला.

मग बाकीचे आले कोठून? दमास्कसची मोठी मशीद पाहा. खलिफा वलीद याने ती ७०६ ते ७१५ या काळात बांधली. त्या जागी आधी रोमन लोकांचे देऊळ होते, नंतर चर्च झाले. जुन्या आवाराच्या कोपऱ्यांवर चौकोनी बुरूज उभेच होते. अजानसाठी त्यांचा उपयोग होऊ लागला. त्याच सुमारास मदीनेची मशीद नव्याने बांधण्यात आली. काम पाहत होते तेथील सुभेदार उमर बिन अब्दुल अजीज, जे पुढे स्वतः खलिफा झाले. या बांधकामात चार कोपऱ्यांना चार मनोरे आले आणि किब्ल्याच्या भिंतीत पहिल्यांदा खोलगट मेहराब आली, असे इतिहासकार मानतात. भिंतीतला असा कोनाडा रोमन देवळांत आणि चर्चमध्ये पूर्वीपासून होता.

हे ऐकून काहींना वाईट वाटते. आमचे ते सारे आमचेच असले पाहिजे, असे त्यांना वाटते. मला तसे वाटत नाही. ज्यांनी हे घेतले त्यांना आपण काय घेत आहोत आणि कशासाठी घेत आहोत हे ठाऊक होते. म्हणूनच घेतलेली वस्तू शंभर वर्षांत त्यांची झाली. आपल्या मराठीचेच पाहा. दारावरची किंवा मखराची 'महिरप' ही अरबी मेहराबच आहे. गणिताच्या वहीत आपली मुले 'महिरपी कंस' घालतात, तोही तिच्याच घरचा. 'मनोरा' हा अरबी मनारा. 'घुमट' म्हणजे फारसी गुंबद. 'इमारत', 'मजला', 'दालन', 'गिलावा' हे शब्द मराठी माणूस रोज वापरतो आणि ते बाहेरून आले याची त्याला आठवणही नसते.

अर्थ आला तो नंतर. जेरुसलेमची 'कुब्बतुस्सखरा' ही वास्तू खलिफा अब्दुल मलिक याने हिजरी ७२ मध्ये, म्हणजे इ.स. ६९१-९२ मध्ये पुरी केली. अष्टकोनी इमारत, मधोमध पवित्र खडक आणि त्यावर सुमारे २० मीटर व्यासाचा लाकडी घुमट. घडण त्या प्रदेशातील जुन्या ख्रिस्ती वास्तूंच्या परंपरेतली आहे. पण आत शिरून वर पाहिले की वेगळेपण कळते. कमानींच्या वर दोन्ही अंगांनी जवळजवळ २४० मीटर लांबीची अरबी अक्षरांची पट्टी फिरली आहे आणि तिच्यात कुरआनातील वचने आहेत. माणसाचे किंवा प्राण्याचे चित्र नाही. दुसऱ्यांच्या वास्तूंत जी जागा मूर्तीला आणि चित्राला होती ती येथे अक्षराने घेतली. पुढे हजार वर्षे स्पेनपासून विजापूरपर्यंत हेच चालले.

मग घुमटात लोकांना आकाश दिसू लागले. मेहराबीत दिवा दिसू लागला, कारण कुरआनातील 'सूरे नूर' मध्ये कोनाड्यातील दिव्याचा दृष्टान्त आहे. कित्येक जुन्या मेहराबींत टांगलेला दिवा दगडात कोरलेला असतो तो याचमुळे. बागेचे चार भाग करून मध्ये पाण्याचे पाट काढले की त्यात जन्नतच्या चार नद्या दिसू लागल्या. अष्टकोनात जन्नतचे आठ दरवाजे दिसू लागले. हे अर्थ खोटे नाहीत. पिढ्यान् पिढ्या श्रद्धेने पाहणाऱ्यांनी ते दिलेले आहेत. पण घुमटाशिवाय मशीद अपुरी राहते, असे समजू नका. कोझिकोडची मिश्कालपळ्ळी पाहा, लाकडी आणि उतरत्या छपरांची. चीनमधील शिआनची मोठी मशीद पाहा, तिचा मनोरा तिथल्या पॅगोडासारखा. आमच्या कोकणातील जुन्या मशिदींवर कौले आहेत, कारण तेथे पाऊस तसा पडतो. घुमटावरचा चाँद तर बराच अलीकडचा. तो सर्वत्र पसरला तो उस्मानी तुर्कांच्या काळापासून. आपल्याकडच्या घुमटांच्या तळाशी कमळाच्या पाकळ्या असतात. गोलघुमटालाही आहेत. त्या येथल्या कारागिरांनी आणल्या.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. खोली चौकोनी, छप्पर गोल. चौकोनावर वर्तुळ ठेवले की चारही कोपरे उघडे राहतात. जगातल्या वास्तुकारांना या कोपऱ्यांनी शतकानुशतके छळले आहे. इराणी लोकांनी कोपऱ्यात तिरपी कमान टाकून चौकोनाचा अष्टकोन केला आणि अष्टकोनावर घुमट बसवला. फिरोजाबादच्या सासानी राजवाड्यात ही रीत इस्लामच्या आधीपासून आहे. रोमन परंपरेतल्या कारागिरांनी कोपऱ्यातून पंख्यासारखा पसरत जाणारा वक्र त्रिकोण काढला, इ.स. ५३७ मध्ये पुरे झालेल्या आयासोफियाचा घुमट त्यावर आहे. मुसलमान कारागिरांनी दोन्ही रीती उचलल्या आणि त्यांवर पुढचे काम केले.

हे पुढचे काम कसे झाले, ते सांगण्याजोगे आहे. दहाव्या शतकात बगदादला अबुल वफा बुझजानी नावाचा गणिती होऊन गेला (९४० ते ९९८). कारागिराला भूमितीतले काय काय लागते, यावर त्याने एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला. गणिती आणि कारागीर एकत्र बसून चर्चा करीत अशा बैठकांना तो हजर असे. तीन सारखे चौरस कापून त्यांचा एकच मोठा चौरस कसा जोडावा, असा एक प्रश्न तेथे निघाला. कारागिरांनी आपल्या रीतीने तुकडे जोडून दाखवले. डोळ्यांना बरोबर दिसत होते, पण हिशेबात ते चुकत होते. गणित्यांना सिद्धता ठाऊक होती, पण फरशी कापायची कशी हे येत नव्हते. अबुल वफाने दोघांच्याही उणिवा स्पष्ट लिहिल्या आहेत. एकाला हाताची सवय नाही, दुसऱ्याला सिद्धतेचे ज्ञान नाही. मग त्याने दोघांनाही पटेल अशी रीत दिली.

पुढे समरकंदला उलुगबेगच्या पदरी असलेला खगोलशास्त्रज्ञ जमशेद अल-काशी याने १४२७ मध्ये 'मिफ्ताहुल हिसाब' हा ग्रंथ पुरा केला. त्यात कमानी, घुमट आणि मधाच्या पोळ्यासारखे दिसणारे मुकर्नस यांचे क्षेत्रफळ कसे काढावे यावर त्याने सविस्तर लिहिले आहे. ग्रहताऱ्यांचे गणित करणारा हा माणूस गवंड्याच्या कामाचे गणित करायला कमीपणा मानीत नव्हता. आणि उस्मानी साम्राज्याचा मुख्य वास्तुकार सिनान हा आधी सैन्यात पूल बांधणारा होता. १५५७ मध्ये त्याने इस्तंबूलला सुलेमानिया मशीद पुरी केली. तिच्याभोवती मदरसे, वैद्यकशाळा, इस्पितळ, गरिबांसाठी भटारखाना आणि हमाम असा सारा परिवार आहे. एदिर्नेच्या सलिमिया मशिदीचा सुमारे ३१ मीटर व्यासाचा घुमट त्याने उभारला तेव्हा तो म्हातारा झाला होता.

आपल्या देशात ही विद्या एका दिवसात आली नाही. दिल्लीच्या कुव्वतुल इस्लाम मशिदीची पडदी ११९८-९९ च्या सुमारास बांधली गेली. तिच्या कमानी लांबून कमानीच दिसतात; पण जवळ जाऊन सांधे पाहा. येथले गवंडी खांब आणि तुळईच्या कामात तरबेज होते, कमानीची त्यांना सवय नव्हती. त्यांना कमानीचा आकार दाखवला गेला. त्यांनी प्रत्येक थर थोडा थोडा पुढे काढीत आपल्या रीतीने तो आकार करून दिला. खरी कमान, म्हणजे पाचरीसारखे दगड एकमेकांना रेटून उभे राहतात ती, बल्बनच्या कबरीत दिसते आणि बल्बन वारला १२८७ मध्ये. १३११ च्या अलाई दरवाज्यापर्यंत हात पक्का बसला. शंभरएक वर्षे लागली. हा काळ मला फार मोलाचा वाटतो, कारण येथला गवंडी आणि बाहेरून आलेला जाणकार एकमेकांपाशी शिकत होते.

दक्षिणेत ही विद्या आणखी फुलली. गुलबर्ग्याची (आजचे कलबुर्गी) किल्ल्यातली जामा मशीद १३६७ ची आहे. बांधणारा रफी हा मूळचा इराणातील कझवीनचा. मशिदीला अंगण नाही, सारी जागा छपराखाली आहे. वर घुमट्यांच्या रांगा आणि बाजूंस बुटक्या रुंद कमानी. वाटाडे ही कोर्दोब्याच्या मशिदीची नक्कल म्हणून सांगतात. मला तरी त्यात अर्थ दिसत नाही. कोर्दोब्याच्या मशिदीला मोठे अंगण आहे. तेथे जुन्या इमारतींचे खांब आखूड पडले म्हणून वास्तुकाराने कमानीवर कमान चढवून छत उंच नेले. गुलबर्ग्यात तसे काहीच नाही.

आणि बीदर! पालकांनी आपल्या मुलांना एकदा तरी बीदरला न्यावे. महमूद गावान हा इराणच्या गिलान प्रांतातला. १४५३ च्या सुमारास व्यापाराच्या निमित्ताने तो आमच्या कोकणातील दाभोळ बंदरात उतरला आणि पुढे बहामनी राज्याचा वजीर झाला. १४७२ मध्ये त्याने बीदरला मदरसा बांधला. तीन मजले, मध्ये चौक, भोवती शिकवण्याची दालने, विद्यार्थ्यांच्या आणि शिक्षकांच्या राहण्याच्या खोल्या, मशीद आणि ग्रंथालय. दर्शनी भिंतीवर निळ्या, पांढऱ्या आणि पिवळ्या फरश्यांत अक्षरे. समरकंद आणि खुरासानच्या मदरशांचा नमुना त्याने दख्खनच्या पठारावर आणून ठेवला. १४८१ मध्ये दरबारातल्या शत्रूंनी बनावट पत्र करून सुलतानाचे कान भरले आणि सुलतानाने या वृद्ध वजिराला ठार मारले. मदरसा मात्र चालू राहिला. पुढे मोगल अमदानीत तेथे दारूगोळा ठेवण्यात आला आणि १६९६ मध्ये वीज पडून स्फोट झाला. दर्शनी बाजूचा निम्मा भाग आणि एक मिनार त्यात गेला. उरलेला मिनार आजही उभा आहे आणि त्यावरच्या काही फरश्यांचा निळा रंग अजून टवटवीत आहे.

वाचकहो, येथे एक अवघड गोष्टही सांगितली पाहिजे. आपल्याकडच्या सर्वांत नामांकित वास्तू या कबरी आहेत आणि कबरीवर इमारत बांधू नये असे हदीसमध्ये सांगितलेले आहे. ही विसंगती लपवण्यात अर्थ नाही. औरंगाबादचा (आता छत्रपती संभाजीनगर) बीबी का मकबरा औरंगजेबाच्या बेगमेसाठी झाला आणि औरंगजेब स्वतः तेथून जवळच खुलताबादला उघड्या आकाशाखाली, मातीच्या साध्या कबरीत आहे. तिच्याभोवतालची संगमरवरी जाळी विसाव्या शतकात आली. मकबऱ्याच्या दरवाज्यावर मात्र दोन नावे आहेत, ती मुलांना जरूर दाखवा. एक अताउल्ला, ताजमहालाशी ज्याचे नाव जोडले जाते त्या उस्ताद अहमद लाहोरीचा मुलगा. दुसरा हंसपतराय. काम करणाऱ्यांची नावे दारावर लिहावीत, एवढी त्या कामाची किंमत त्या काळी होती. विजापूरच्या जामा मशिदीतील सोनेरी मेहराबीवरही हिजरी १०४५ (इ.स. १६३५-३६) या सनाबरोबर याकूत दाभुलीचे नाव आहे. हा दाभुली म्हणजे आमच्या दाभोळचा.

आज काय स्थिती आहे? आमच्याच भागातील एका गावी जुनी मशीद आहे. चुन्याचे काम, दगडी चौकटीवर वेलबुट्टी आणि फारसी अक्षरे. मध्यंतरी तेथे जाण्याचा योग आला. भिंती सिमेंटने लिंपलेल्या, त्यावर न्हाणीघराला लावतात तशा चकचकीत टाइल्स आणि कोरीव अक्षरांवर हिरव्या ऑइलपेंटचे तीन हात. अक्षरे वाचता येत नव्हती. मंडळींनी हे भक्तीने, पदरचे पैसे घालून केले होते, म्हणून बोलणे अवघड झाले. पण चुन्याची भिंत श्वास घेते, आत शिरलेला ओलावा बाहेर टाकते. वर सिमेंट थापले की पाणी आतच कोंडते आणि काही वर्षांत दगडच झरू लागतो. गावात चुना मळू शकणारा एक म्हातारा गवंडी होता. त्याला कोणी विचारले नव्हते. त्याचा मुलगा शाळेत बापाचा धंदा सांगताना खाली पाहतो, हेही मला तेथेच कळले.

गोलघुमट उभा राहतो तो असा. सुमारे ४१ मीटर लांबीरुंदीच्या चौकोनी दालनाच्या जमिनीवर एक चौरस आखला आहे असे समजा आणि त्यावर ४५ अंश फिरवून दुसरा. या दोन चौरसांच्या आठ बाजूंवर आठ उंच कमानी उभ्या आहेत. वर जाताना त्या एकमेकींना छेदतात आणि त्या छेदांतून अष्टकोन तयार होतो. जागा आत आत येत गेल्यामुळे वर रुंद सज्जा मिळतो आणि त्याच्या मागे घुमट बसतो. घुमटाचा स्वभाव बाहेर रेटण्याचा. आत झुकलेल्या या कमानींचे आणि सज्ज्याचे वजन त्याला आत ओढते. दोन ओढी एकमेकींना सावरतात. घुमटाचा आतला व्यास जवळजवळ ३८ मीटर आहे आणि कवच तळाशी सुमारे १० फूट जाडीचे.

गेल्या सहलीला मी खडू आणि सुतळी बरोबर नेली होती. गोलघुमटाबाहेरच्या फरसबंदीवर आम्ही दोन चौरस आखले आणि सोळा मुलांना कमानींचे पाय म्हणून उभे केले. समोरासमोरच्या मुलांनी हात उंचावून धरले तेव्हा अष्टकोन आपोआप दिसला. मग आत गेलो. सातवीतली एक मुलगी, तिचे वडील गवंडीकाम करतात, बराच वेळ वर पाहत होती. तिने विचारले, "सर, याचं सेंटरिंग कशावर बांधलं असेल? एवढं लाकूड कुठून आणलं?"

या वेळी उत्तर ठाऊक होते. घुमट विटांच्या आडव्या थरांचा आहे, मध्ये चुन्याचा जाड थर. प्रत्येक वर्तुळ थोडे आत सरकवीत नेले की पुरे झालेले वर्तुळ स्वतःला धरून ठेवते. म्हणून शेंड्याजवळचा भाग सोडला तर खालून आधार देण्याची फारशी गरज पडली नसावी, असे या इमारतीचा अभ्यास करणाऱ्यांनी लिहून ठेवले आहे.

"म्हणजे एक थर सुकेपर्यंत थांबायचं," ती म्हणाली. "अब्बा पण तेच म्हणतात, घाई केली की भिंत पोट काढते."

मग तिने वहीत काहीतरी आखायला घेतले. बसवाल्याने दोनदा हॉर्न दिला तरी ती उठली नाही. शेवटी मला आत जाऊन तिला आणावे लागले.